छापील हँडबुक घेऊन डेबियन शिकताना

आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे ते कथा-कादंबरीचं नाही. त्यामुळे विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "यात समीक्षा करण्यासारखं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. संगणकाच्या पुस्तकाचा आपल्याकडे फक्त परिचय होतो. पानं किती, किंमत किती, कोणाला उपयोगी पडेल, संपलं. पण माणूस पुस्तक उघडून ठेवतो, शेजारी यंत्र चालू करतो आणि ओळीमागून ओळ त्यात लिहिल्याप्रमाणे करत जातो, तेव्हा ते पुस्तक शिक्षक झालेलं असतं. मग शिक्षकाची पारख करतो तशी त्याचीही करायला हवी. ते कोणाला उद्देशून बोलतं, कुठे हात सोडतं, आणि काही बिघडलं तर दोष कोणाच्या माथी जातो? आज आम्ही एवढंच बघणार आहोत.

पुस्तकाचं नाव 'द डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक'. लेखक राफाएल हेर्त्झॉग आणि रोलाँ मास. दोघेही डेबियनच्या कामात आतून असलेले विकासक. डेबियन म्हणजे लिनक्स गाभ्यावर उभी असलेली मुक्त संगणक प्रणाली. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी ती सुरू केली आणि आजही ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. तिच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाचे प्रमुख असलेले ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. आता जेसी, बस्टर, बुकवर्म अशी नावं वारंवार येतील, म्हणून हे आधीच सांगितलं.

आमच्याकडची प्रत जेसीवरची, म्हणजे आठव्या आवृत्तीवरची आहे. जेसी २०१५ च्या एप्रिलमध्ये आली. आम्ही चौघांनी ही प्रत मध्ये ठेवून ज्या यंत्रावर शिकायला सुरुवात केली, त्यावर मात्र बारावी आवृत्ती, बुकवर्म, टाकलेली होती. ती २०२३ ची. म्हणजे पान आणि पडदा यांच्यात आठ वर्षांचं आणि चार आवृत्त्यांचं अंतर. हा काही ठरवून केलेला प्रयोग नव्हता. पुस्तक जुनं मिळालं आणि प्रणाली नवी उतरवली, एवढंच. पण बहुतेक शिकणाऱ्यांची अवस्था हीच असते, आणि कोणत्याही पुस्तकपरिचयात ही अवस्था धरलेली नसते.

पुस्तकाच्या जन्माबद्दल थोडं सांगायला हवं. ते मुळात फ्रेंच. पहिली फ्रेंच आवृत्ती २००४ साली एरॉल प्रकाशनाने काढली. इंग्रजी अवतार २०१२ च्या मे महिन्यात आला, आणि तो आला लोकांकडून वर्गणी गोळा करून. मजकूर मुक्त परवान्याखाली सोडला. एकाऐवजी दोन परवाने दिले: एक जीपीएल, दुसरा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, ज्यात श्रेय द्यावं लागतं आणि तुमचा बदलही तशाच अटींवर सोडावा लागतो. आमच्यासाठी याचा अर्थ फार साधा निघाला. शेवटच्या परिशिष्टाच्या चार प्रती काढायला आम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलो तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं नाही. तांत्रिक पुस्तकाची झेरॉक्स काढताना मान वर ठेवता येणं ही आपल्याकडे तशी दुर्मीळच गोष्ट.

आता पुस्तकाच्या बांधणीकडे येऊ. पहिलं प्रकरण प्रकल्पाची ओळख करून देतं. दुसऱ्यात लेखक एक काल्पनिक कंपनी उभी करतात. तिचं नाव फाल्को. ध्वनिक्षेपक बनवणारी. सेंत-एतियेनला कारखाना, प्रयोगशाळा आणि कचेरी मिळून सुमारे दीडशे माणसं. माँपेलिएला ॲम्प्लिफायर बनवणारी लहान शाखा, तिथे पन्नास. आणि तुम्ही, म्हणजे वाचक, या कंपनीचे प्रशासक. तिथून पुढे मेल बसवा, फाइली वाटा, छपाईयंत्र जोडा, बॅकअप घ्या, सगळं फाल्कोसाठी.

ही युक्ती आम्हाला सुरुवातीला शाळेच्या गणितातल्या हौदासारखी वाटली. एका नळाने भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, पण असा हौद कोणी बांधतो का? नंतर मत बदललं. नुसती आदेशांची यादी दिली असती तर 'हे का करायचं' हा प्रश्न पानोपानी अनुत्तरित राहिला असता. फाल्कोमुळे प्रत्येक निर्णयाला कारण मिळतं. दोन शाखा आहेत म्हणून त्यांच्यात सुरक्षित जोडणी लागते. माणसं वाढणार आहेत म्हणून एकेक यंत्र हाताने न बसवता आपोआप बसवायची सोय लागते. गरज आधी आणि आदेश मागून, हा क्रम संगणकाच्या पुस्तकात फार कमी दिसतो. लेखकांना याचं श्रेय द्यायलाच हवं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे चौकटी. मजकुराच्या कडेला छोट्या चौकटी येतात आणि प्रत्येकीवर शिक्का असतो: शब्दसंग्रह, संस्कृती, साधन, मुळाकडे परत, आणखी पुढे. मूळ मजकूर कोरडा आहे. या चौकटींत मात्र लेखक मोकळे बोलतात, एखाद्या शब्दामागची गोष्ट सांगतात. आमच्यातला एक जण पहिले दोन आठवडे फक्त चौकटीच वाचत होता. त्याला आम्ही हसलो. पण गटातली पहिली नेमकी शंका त्यानेच विचारली, हे मान्य करावं लागेल.

आणि मग पाचवं प्रकरण. आमच्या मते हा या पुस्तकाचा कणा आहे. पॅकेज म्हणजे काय, हे इथे आतून दाखवलं आहे. डेबियनवर कोणताही प्रोग्राम 'डेब' नावाच्या फाइलीतून येतो हे सगळ्यांना माहीत असतं. इथे लेखक ती फाइल पेटीसारखी उघडून दाखवतात. 'एआर' नावाचं जुनं साधं साधन वापरायचं, आत तीन वस्तू निघतात. पहिलीत फक्त स्वरूपाचा क्रमांक. दुसऱ्या गाठोड्यात माहिती: हे पॅकेज कोणाचं, कोणत्या दुसऱ्या पॅकेजांशिवाय चालणार नाही, बसवण्याआधी आणि नंतर काय करायचं. तिसऱ्यात प्रत्यक्ष फाइली, ज्या डिस्कवर जाऊन बसणार. झालं, एवढंच. यात जादू काही नाही. गाठोड्यात गाठोडं आहे, आणि त्यावर चिठ्ठी आहे.

आम्ही हे जेसीच्या पानावरून वाचलं आणि बुकवर्मच्या यंत्रावर करून पाहिलं. जसंच्या तसं निघालं. आठ वर्षांत तीन वस्तूंच्या दोन झाल्या नाहीत की चार झाल्या नाहीत. त्या संध्याकाळी आमच्यातली सर्वांत साशंक बाई म्हणाली, "म्हणजे हे उघडून बघता येतं तर!" ती नोकरीनिमित्त वीस वर्षं संगणक वापरते आहे. संगणकाच्या आतली वस्तू उघडून बघायची असते, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

पण सहावं प्रकरण उघडलं आणि वारं फिरलं. पाचव्यात रचना आहे, सहाव्यात वापर. आणि रचना ज्या गतीने जुनी होते तिच्या कितीतरी पट वेगाने वापर जुना होतो. सहाव्याच्या सुरुवातीला एक फाइल येते, जिच्यात पॅकेजं कुठून आणायची त्या ठिकाणांची यादी असते. सुरक्षेच्या दुरुस्त्या जिथून येतात त्या ओळीत पुस्तकात 'जेसी', मग तिरपी रेघ, मग 'अपडेट्स' असं छापलं आहे. आम्ही शहाणपणा केला. जेसी खोडून बुकवर्म लिहिलं. इतर ओळींत तेवढं पुरतं. या ओळीत पुरत नाही. अकराव्या आवृत्तीपासून त्या ठिकाणाचं नावच बदललं. आता तिरपी रेघ नाही, 'अपडेट्स' नाही. आवृत्तीच्या नावाला जोडून 'सिक्युरिटी' असं लिहितात. यंत्राने तक्रार केली की अशा नावाचं काही सापडत नाही. बाकीची पॅकेजं मात्र सुरळीत येत राहिली.

इथे थोडं थांबू या, कारण खरी जोखीम इथे आहे. शिकाऊ माणूस दहा ओळींतल्या नऊ चालल्या की खूश होतो. दहावी ओळ लाल अक्षरात काहीतरी म्हणते, पण यंत्र तर चालतंय! मग तो पुढे जातो. आणि त्याच्या यंत्रावर सुरक्षेची एकही दुरुस्ती येत नाही, महिनोन् महिने. पुस्तक प्रामाणिक, वाचक मेहनती, आणि परिणाम असा की दार उघडं. ओळ चुकली हे आमच्या लक्षात आलं ते आम्ही चौघं होतो म्हणून. एकट्या माणसाच्या लक्षात येईलच असं नाही.

दुसरा प्रसंग यापेक्षा लहान आहे. पण त्याने आमच्यातला एक जण जवळजवळ गमावला होता.

पुस्तकात काही आदेशांच्या आधी हॅशचं चिन्ह असतं. अर्थ असा की हा आदेश 'रूट' म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचा. पानावर त्या चिन्हाशेजारी काही खुलासा नसतो. आमच्या मित्राने पहिल्या दिवशी ते चिन्हही टाइप केलं. यंत्राने काहीच केलं नाही. ना चूक दाखवली, ना काम केलं. कारण ओळीच्या सुरुवातीला हॅश आला की शेल ती ओळ टीप समजून सोडून देतं. त्याने तीनदा टाइप केलं, तीनदा शांतता. (हशा) हसण्यासारखंच आहे, पण त्याच्या जागी बसून बघा. चुकलं म्हणून रागावणारा शिक्षक परवडला. हा नुसताच गप्प बसतो.

तिथून तो सावरला. त्याला कळलं की आधी रूट व्हायचं. प्रणाली बसवताना आम्ही रूटला वेगळा पासवर्ड दिला होता, आणि तसं केलं की साध्या वापरकर्त्याला 'सुडो' वापरायची परवानगी आपोआप मिळत नाही. म्हणून त्याने 'एसयू' टाइप केलं, पासवर्ड दिला, हॅश दिसला, आनंद झाला. मग नवा वापरकर्ता जोडायचा म्हणून 'ॲडयूजर' लिहिलं. उत्तर आलं, 'कमांड नॉट फाउंड'. हा आदेशच सापडत नाही.

पुस्तकात तर आहे. पुन्हा लिहिलं. स्पेलिंग तपासलं. पुन्हा तेच. त्या रात्री त्याने गटावर निरोप टाकला, "माझ्याच्याने हे होणार नाही, तुम्ही चालू ठेवा."

झालं काय होतं? दहाव्या आवृत्तीत, बस्टरमध्ये, 'एसयू' हा आदेश एका स्रोत-पॅकेजातून काढून दुसऱ्यातून द्यायला सुरुवात झाली. आधी तो 'शॅडो' नावाच्या संचात होता, नंतर 'यूटिल-लिनक्स'मध्ये गेला. नवा 'एसयू' रूट करतो, पण आदेश कुठे कुठे शोधायचे त्या जागांची यादी, जिला 'पाथ' म्हणतात, ती बदलत नाही. ती साध्या वापरकर्त्याचीच राहते. आणि 'ॲडयूजर' जिथे ठेवलेला असतो ती जागा साध्या वापरकर्त्याच्या यादीत नसते. उपाय एका चिन्हाचा. 'एसयू'नंतर जागा सोडून एक आडवी रेघ द्यायची, म्हणजे रूटचं संपूर्ण वातावरण मिळतं. जेसीवर रेघ न देताही 'ॲडयूजर' सापडला असता. म्हणजे पुस्तक छापलं तेव्हा बरोबर होतं, मित्राने केलं तेही बरोबर होतं, आणि तरीही काम अडलं.

आता हा बदल गुपचूप झालेला नाही. दहाव्या आवृत्तीसोबत जी प्रकाशन-टिपणं येतात त्यांत तो स्वच्छ नोंदवलेला आहे. पण नवख्याला प्रकाशन-टिपणं नावाची वस्तू असते हेच ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक असतं त्याला ती जुन्याकडून नव्याकडे येणाऱ्यांसाठी आहेत असं वाटतं. जो थेट नव्यावर आला त्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. यंत्र थेट नव्यावर आलं असेल, पण पुस्तक तर जुन्यावरून येतंय ना!

म्हणून आमचं म्हणणं असं. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र चिकटवलेलं असायचं. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध ते. जेसीवरच्या या हँडबुकाचं शुद्धिपत्र अस्तित्वात आहे, फक्त ते चार तुकड्यांत आणि वेगळ्या नावाने पडलेलं आहे. नवव्या, दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या आवृत्तीची प्रकाशन-टिपणं म्हणजे ते शुद्धिपत्र. मित्राचा निरोप आल्यावर आम्ही दोन रविवार तेवढंच केलं. चारही टिपणं वाचली आणि पेन्सिलीने पुस्तकाच्या समासात नोंदी केल्या. नेटवर्कच्या प्रकरणात 'ईटीएच शून्य' हे नाव येतं तिथे लिहिलं, 'नवव्यापासून नवी नावं, आधी यंत्राला विचारा'. ते नाव नमुन्यातून तसंच उतरवलं असतं तर जोडणी कधीच सुरू झाली नसती. पॅकेजांच्या सह्या तपासण्याच्या भागात 'ॲप्ट-की' आहे तिथे लिहिलं, 'ही पद्धत सोडा'. फायरवॉलच्या भागात 'आयपीटेबल्स' आहे. तिथे गंमत अशी की आदेश अजून चालतो, पण दहाव्यापासून त्याच्या पोटात 'एनएफटेबल्स'चं यंत्र बसवलेलं आहे. वरून तेच, आतून वेगळं.

या नोंदी करता करता जे शिकलो ते नुसतं पुस्तक वाचून शिकलो नसतो. 'पाथ' म्हणजे काय हे परिशिष्टातही आहे, पण आमच्या डोक्यात बसलं ते त्या न सापडलेल्या 'ॲडयूजर'मुळे. मात्र यावरून कोणी 'बघा, जुनं पुस्तकच चांगलं' असं म्हणू नये. चुकून शिकणं त्यालाच परवडतं ज्याच्या शेजारी विचारायला कोणी आहे. बाकीचे मित्रासारखा निरोप टाकतात. त्यांना निरोप टाकायलाही गट नसतो. ते लॅपटॉप मिटतात आणि पुढची दहा वर्षं 'लिनक्स आपल्याला जमत नाही' म्हणतात. आणि त्यात आपला एक संस्कार आहे. छापलेलं ते खरं. पोथी चुकत नाही, चुकतो वाचणारा. पडद्यावरच्या मजकुरावर आपण लगेच शंका घेतो, पण बांधीव पुस्तकावर घेत नाही.

लेखकांवरचा पहिला आक्षेप इथेच येतो. हे पुस्तक शिळं होणार हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. नवी आवृत्ती यायची तशी तेच पुस्तक सुधारत होते. मुखपृष्ठावर आवृत्तीचं नावही आहे. पण छापील प्रत नवी आवृत्ती आली म्हणून विरघळून जात नाही. ती कपाटात राहते, वाचनालयात जाते, जुन्या बाजारात येते. तेव्हा सुरुवातीलाच एक पान हवं होतं: 'हे पुस्तक तुमच्या यंत्राहून जुनं असेल तर कसं वाचावं'. कोणती प्रकरणं टिकतील, कोणती नाहीत, टिपणं कुठे मिळतात. एक पान. सगळ्यात टिकाऊ सल्ला तोच ठरला असता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या पुस्तकाच्या अगदी शेवटी परिशिष्ट ब आहे. त्यात शेल, फाइलींची उतरंड, यंत्राचे थर, गाभा काय करतो, हे सगळं आहे. थोडक्यात, ज्याच्यावाचून पहिलं पान कळत नाही ते शेवटच्या पानांत आहे. आणि त्याला नाव दिलंय 'शॉर्ट रिमेडियल कोर्स'. मराठीत सांगायचं तर मागे पडलेल्या मुलांचा जादा तास. आम्ही शाळेत असताना ज्यांना त्या तासाला बसवायचे त्यांच्याकडे इतर मुलं कशी बघायची ते आठवा. अपमान करायचा लेखकांचा हेतू नाही, हे उघड आहे. पुस्तक प्रशासकासाठी आहे आणि प्रशासकाला हे येत असणार असं त्यांनी धरलं. पण उपशीर्षकात शोधापासून प्रभुत्वापर्यंत नेण्याचं वचन आहे. ज्याला नुकता शोध लागतोय त्याला तुम्ही शेवटच्या बाकावर बसवता, हे बरं नाही. म्हणूनच आम्ही त्या परिशिष्टाच्या झेरॉक्स काढल्या. सगळ्यांनी आधी ते वाचायचं असं ठरवलं आणि त्यावरचं शीर्षक खोडलं.

तसंच आभासी यंत्रांचं. एका संगणकात दुसरा खोटा संगणक चालवायची सोय बाराव्या प्रकरणात आहे, डिस्कांच्या जोडणीनंतर. फाल्कोच्या प्रशासकाला ती तिथे लागते, कारण त्याला कमी यंत्रांत जास्त सेवा बसवायच्या आहेत. शिकणाऱ्याला ती पहिल्या दिवशी लागते. त्याच्याकडे दोनशे माणसांची कंपनी नाही, एकच लॅपटॉप आहे, त्यात घरच्यांचे फोटो आहेत, आणि चौथ्या प्रकरणात त्याला डिस्कचे विभाग पाडायला सांगितलं जातंय. मोडलं तरी चालेल असं काही हाताशी असेल तरच माणूस धीटपणे शिकतो. फाल्कोची युक्ती इथे उलटते. कंपनीच्या गरजेचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एक नसतो.

मग कागद हवाच कशाला, सगळं पडद्यावर आहे की? हे पुस्तक तर डेबियनमध्येच पॅकेज म्हणून मिळतं, एका आदेशात यंत्रावर येतं. खरं आहे. पण ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याचं यंत्र बसवणी चालू असताना अडकलेलं असतं, आणि यंत्र उभं राहिल्याशिवाय त्याच्या आतलं पुस्तक उघडत नाही. फोन असतोच म्हणा. पण फोनवर शोधलं की अडलेल्या एका ओळीचं उत्तर मिळतं, तेही कधी कोणत्या वर्षीचं आणि कोणत्या प्रणालीचं हे न कळता. पुस्तकाचं साल निदान मुखपृष्ठावर असतं, त्यामुळे शुद्धिपत्र करता येतं. शिवाय कागदावरून चिकटवता येत नाही, हाताने टाइप करावं लागतं. याचा जाच आहे. एल अक्षर आणि एक आकडा सारखे दिसतात. ओळ मोडली की शेवटची आडवी रेघ आदेशातली की शब्द तोडल्याची, ते कळत नाही. पण एकेक अक्षर बोटाखालून गेलं की आदेशाचे तुकडे दिसायला लागतात: हे नाव, हा पर्याय, ही फाइल. छापील माहितीपुस्तक ही परंपरा काही आजची नाही. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि आजही 'मॅन' लिहून जी पानं उघडतात त्यांचे विभाग बरेचसे त्याच वळणाचे आहेत. आदेश पहिल्यात, फाइलींची स्वरूपं पाचव्यात, प्रशासनाचे आदेश आठव्यात.

भाषेबद्दल दोनच वाक्यं. डेबियनची बसवणी मराठीतून करता येते, मात्र चित्रमय पडद्यावर, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर मराठीचा पर्याय नाही. आणि त्यापुढे हे पुस्तक इंग्रजीत असल्याने आम्ही ते मोठ्याने वाचून मराठीत समजून घेत होतो. संज्ञा तशाच ठेवल्या, वाक्यं मराठी केली, आणि ज्याचं वाक्य करता आलं नाही ते आम्हाला कळलेलं नाही असं धरून पुन्हा वाचलं.

शेवटी सातवं प्रकरण. लहान आहे, बरेच जण उडी मारून पुढे जातात. त्यात अडचण आली तर काय करायचं ते सांगितलंय. 'मॅन'ची पानं कशी वाचायची. प्रत्येक पॅकेज आपली कागदपत्रं कोणत्या कप्प्यात ठेवतं, म्हणजे 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधल्या 'डॉक'मध्ये. तिथे 'रीडमी डॉट डेबियन' नावाची फाइल असेल तर ती आधी का वाचायची: कारण मूळ प्रोग्राम आणि डेबियनवरचा प्रोग्राम यांतला फरक डेबियनच्या माणसांनी त्यात लिहिलेला असतो. त्याच्याच शेजारी बदलांची नोंदवही असते, तारखेसह. एका चौकटीत 'आधी माहितीपुस्तक वाच' या अर्थाच्या त्या प्रसिद्ध शिवराळ संक्षेपाचा खुलासाही आहे, सभ्य पर्यायासकट. हे प्रकरण वाचकाला पुस्तकाबाहेर जायला शिकवतं. यंत्राजवळ यंत्राच्याच वयाचा मजकूर आहे आणि तो असा काढायचा, हे त्यात आहे. 'ॲडयूजर' अडला त्या रात्री मित्राने हे प्रकरण वाचलेलं असतं तर 'एसयू'चं माहितीपान उघडून त्याला उत्तर मिळालं असतं. त्याने ते वाचलं नव्हतं, कारण तो पुस्तक क्रमाने वाचत होता आणि चारावर होता. त्यात त्याचा काय दोष?

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: 'हेच पुस्तक घ्यायचं तर कोणती प्रत घ्यावी, आणि कुठून सुरुवात करावी?' मिळेल त्यात सगळ्यात नवी घ्या. जुनी मिळाली तर तीही चालेल, पण आधी यंत्रावर 'ईटीसी'मधली 'डेबियन-व्हर्जन' ही फाइल उघडून आकडा बघा, पुस्तकातल्या आवृत्तीचा आकडा बघा, आणि मधल्या प्रत्येक आवृत्तीची प्रकाशन-टिपणं उतरवून घ्या. आता तेरावी आवृत्तीही आली आहे, तेव्हा आमच्या प्रतीला अजून एक तुकडा जोडावा लागणार. वाचताना परिशिष्ट ब, मग सात, मग बाराव्यातला आभासी यंत्रांचा भाग. खोट्या यंत्रावर चौथं प्रकरण दोनदा करा, एकदा मुद्दाम मोडा. त्यानंतर पाच आणि सहा. फाल्कोचा मेल आणि दोन शाखांची जोडणी सवडीने करा. आणि हो, मित्र परत आला. समासातल्या नोंदी त्याच्या अक्षरातल्या आहेत, कारण आमच्यात अक्षर त्याचंच वाचता येतं.